स्टीव्ह आयझरमन यांची संघबांधणी : निवड उत्तम, खरेदी कच्ची

उत्तर अमेरिकेतील एनएचएल या लीगमध्ये खेळणाऱ्या डेट्रॉइट रेड विंग्ज या आइस हॉकी संघाच्या चाहत्यांमध्ये काही वर्षे एकच वाद धुमसत राहिला आहे. संघबांधणीची जबाबदारी सांभाळणारे जनरल मॅनेजर स्टीव्ह आयझरमन यांच्यावर आणखी विश्वास ठेवायचा की आता त्यांना जाब विचारायचा, हा तो वाद. एप्रिल २०१९मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा असा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. ते या संघातून २२ मोसम खेळले होते आणि १९९७, १९९८ व २००२ असे तीन स्टॅनली कप, म्हणजे लीगची विजेतेपदे, त्यांच्या नेतृत्वाखाली डेट्रॉइटने जिंकले होते. शिवाय टँपा बेमध्ये २०१०पासून २०१८पर्यंत त्यांनी ज्या संघाची उभारणी केली, तो पुढे २०२० आणि २०२१मध्ये विजेता ठरला. चाहत्यांनी त्यांच्या आराखड्याला ‘आयझरप्लॅन’ असे लाडके नावही दिले. २०२४-२५च्या अखेरीस या आराखड्याचे सहा मोसम पूर्ण झाले. तिकिटासाठी पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाच्या पदरात त्यातून काय पडले, ते येथे तपासायचे आहे.

आधी जमेची बाजू. तरुण खेळाडू हेरण्याची आयझरमन यांची नजर खरोखर असामान्य आहे. २०१९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात त्या वार्षिक प्रक्रियेत, त्यांनी सहाव्या क्रमांकावर मॉरिट्झ सायडर या जर्मन बचावपटूचे नाव पुकारले, तेव्हा कॅमेऱ्याने टिपलेला त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होता. इतक्या लवकर आपली निवड होईल, हे त्याच्याच ध्यानीमनी नव्हते. अनेक जाणकारांनीही ही निवड घाईची ठरवली. त्याच सायडरने २०२२मध्ये सर्वोत्तम नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी पटकावली आणि पहिल्या चार मोसमांत एकही सामना चुकवला नाही. लुकास रेमंड हा दुसरा मोहरा. २०१९-२०मध्ये ७१ सामन्यांत अवघे ३९ गुण मिळवून डेट्रॉइट साऱ्या लीगमध्ये तळाला राहिले, तरीही ड्राफ्टमधील निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिला क्रमांक हुकला आणि निवडीची संधी थेट चौथ्या क्रमांकावर आली. एवढे दुर्दैव ओढवूनही रेमंडसारखा खेळाडू हाती लागला. टीकाकारांनी ही सोडत कायम लक्षात ठेवायला हवी, कारण ती व्यवस्थापकाच्या हातात नव्हती. जुने खेळाडू देऊन निवडीचे हक्क मिळवण्यातही त्यांनी चांगली चतुराई दाखवली. फिलिप ह्रोनेक व्हँकूव्हरला गेला, त्या बदल्यात मिळालेल्या हक्कातून अ‍ॅक्सेल सँडिन-पेलिका आला.

गाडी अडते ती बाजारातील खरेदीपाशी. अँड्र्यू कॉप आणि जे. टी. कॉम्फर यांना प्रत्येकी पाच वर्षांचा, बेन शियारो याला चार वर्षांचा, तर जस्टिन हॉल याला तीन वर्षांचा करार मिळाला. यांपैकी कोणीही वाईट खेळाडू नाही, पण संघाचे नशीब पालटेल असाही त्यांत कोणी नाही. संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा असलेल्या लीगमध्ये असे मधल्या फळीचे करार साचत गेले की पैसा आणि जागा दोन्ही अडकून पडतात. माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. अशा खरेदीमुळे संघ तळाला जाण्यापासून वाचला, पण वर चढण्याइतके बळ त्याला मिळाले नाही. परिणामी ड्राफ्टमधील पहिली संधी २०२२मध्ये आठव्या, २०२३मध्ये नवव्या, २०२४मध्ये पंधराव्या आणि २०२५मध्ये तेराव्या क्रमांकावर आली. एकट्याच्या जोरावर सामना फिरवणारा खेळाडू या क्रमांकांवर क्वचितच सापडतो. धीर धरा म्हणणारे चाहते आणि धीर सुटलेले चाहते एकमेकांवर तुटून पडतात, तेव्हा ही गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. आयझरमन सावकाश चालतात, हा त्यांचा दोष नव्हे. त्यांनी सावकाशीचा मार्ग अर्ध्यावर सोडला आणि घाईचाही पुरता धरला नाही, हे खरे दुखणे आहे.

जेक वॉलमनचा व्यवहार तर आजही चाहत्यांना सलतो. जून २०२४मध्ये या बचावपटूला सॅन होजेकडे पाठवताना डेट्रॉइटने दुसऱ्या फेरीतील निवडीचा हक्कही सोबत दिला आणि मोबदल्यात प्रत्यक्ष काहीच घेतले नाही. नऊ महिन्यांनी त्याच वॉलमनसाठी एडमंटनने पहिल्या फेरीचा सशर्त हक्क मोजला. या निर्णयाचे पटेल असे स्पष्टीकरण चाहत्यांना मिळाले नाही, आणि मला तो सर्वांत मोठी चूक वाटतो.

१६ एप्रिल २०२४ची रात्रही विसरता येत नाही. आदल्याच रात्री मॉन्ट्रियलविरुद्ध रेमंडने अतिरिक्त वेळेत गोल करून प्लेऑफची, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीची, आशा जिवंत ठेवली होती. पुन्हा मॉन्ट्रियलशीच गाठ पडली, डेव्हिड पेरॉनने अखेरच्या सेकंदांत बरोबरी साधली आणि डेट्रॉइटने शूटआउटमध्ये सामनाही जिंकला. पण तिकडे वॉशिंग्टनविरुद्ध फिलाडेल्फियाने विजयाच्या शोधात एक आक्रमक वाढवण्यासाठी गोलरक्षक बाहेर काढला आणि रिकाम्या जाळ्यात गोल करून वॉशिंग्टन पुढे निघून गेले. दोन्ही संघांचे ९१ गुण झाले. निर्धारित वेळेतील विजय जास्त असल्याने प्लेऑफची जागा वॉशिंग्टनला मिळाली. इतक्या थोडक्यात हुकल्यावर पुढच्या उन्हाळ्यात ठोस भर पडेल, अशी अपेक्षा रास्तच होती. प्रत्यक्षात २०२४-२५मध्ये गुण ८६वर घसरले, डिसेंबरमध्ये प्रशिक्षक बदलावा लागला आणि सलग २५ मोसम प्लेऑफ गाठलेल्या या संघाला सलग नवव्या मोसमात बाहेर बसावे लागले. त्यांतील पहिले तीन मोसम आयझरमन यांच्या खात्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल.

तरुण खेळाडूंच्या जडणघडणीसाठी मी त्यांना पाचपैकी साडेचार गुण देईन, बाजारातील व्यवहारांसाठी दोन. जून २०२५मध्ये अ‍ॅनाहाइमहून गोलरक्षक जॉन गिब्सन आणला गेला, ती खरेदी गरजेची होती. साठवलेल्या तरुणांपैकी दोघा-तिघांना सोडून पहिल्या फळीत शोभेल असा एक तयार खेळाडू आणण्याचे धाडस मात्र त्या उन्हाळ्यातही झाले नाही.