एडीएयू १७०१ बोर्डावर हॉलचा इक्वलायझर: घ्यायचा असेल तर हे बघून घ्या

मंगल कार्यालय, भजनी मंडळ किंवा लहान सभागृहासाठी स्वतः डिजिटल इक्वलायझर बांधायचा असेल, तर ॲनालॉग डिव्हायसेसच्या एडीएयू १७०१ चिपचा तयार बोर्ड आजही घेण्यासारखा आहे. दोन इनपुट, चार आउटपुट, ४८ किलोहर्ट्झला दर सॅम्पलमागे १,०२४ इन्स्ट्रक्शन आणि फिल्टर आखायला सिग्मास्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर. दोन्ही चॅनेलना दहा-बारा पॅरामेट्रिक बँड (फ्रिक्वेन्सी, गेन आणि रुंदी तिन्ही बदलता येणारे फिल्टर), क्रॉसओव्हर (बास आणि वरचा आवाज वेगळा करणारा) आणि लिमिटर (पातळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) एवढं त्यात आरामात बसतं. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि यूएसबी प्रोग्रॅमर वेगळा घ्यावा लागतो, हे आधीच धरून चाला.

बोर्ड आला तसा मिक्सरला जोडला, तर मात्र निराशा पदरी पडेल. चिपचं इनपुट व्होल्टेज नाही, करंट मोजतं: १०० मायक्रोॲम्पिअर आरएमएस झाले की भांडं भरलं. चिपच्या आत २ के (किलोओहम) रेझिस्टर आणि बाहेर बोर्डावर सहसा १८ के, म्हणजे २० के. त्यामुळे २ व्होल्टला क्लिपिंग सुरू, म्हणजे सिग्नलचे शेंडे कापले जातात. मिक्सर जोरात असला की +२० डीबीयू, म्हणजे पावणेआठ व्होल्टपर्यंत सहज जातो. आवाज फाटतो, आणि ऑपरेटर सॉफ्टवेअरमध्ये एकेक बँड खाली ओढत बसतो. फाटणं फिल्टरच्या आधीच झालेलं असतं, तेव्हा कितीही ओढलं तरी उपयोग नाही. उपाय स्वस्तातला आहे: प्रत्येक इनपुटच्या वाटेत ५६ के, १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर सीरिजमध्ये टाका, बोर्डाला अगदी चिकटून. एकूण ७६ के होतात आणि मर्यादा ७.६ व्होल्टवर जाते. चिपच्या एडीसी-रेस नावाच्या पिनवरही १८ केचाच रेझिस्टर असतो. तो संदर्भ करंट ठरवतो, त्याला हात लावू नका. दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून सोल्डरिंगआधी मीटरने ट्रॅक तपासा.

आउटपुट ०.९ व्होल्ट. ०.७७५ व्होल्ट सेन्सिटिव्हिटीच्या ॲम्प्लिफायरला पुरेसं आहे; १.४ व्होल्टवाल्याला जवळपास ४ डीबी कमी पडतं. शिवाय ते अनबॅलन्स्ड आहे. स्टेजपासून लांब केबल ओढायची असेल तर मधे बॅलन्स्ड लाइन ड्रायव्हर हवाच, नाहीतर हम ऐकत बसावं लागेल.

आता फिल्टर, आणि इथे बोर्ड खरोखर पैसा वसूल आहे. समजा हॉल १६० हर्ट्झला घुमतोय आणि तिथे ६ डीबी कापायचे आहेत, क्यू (खाच किती अरुंद ते सांगणारा आकडा) ४. रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांच्या सर्वपरिचित सूत्रांनी ४८ किलोहर्ट्झसाठी फिल्टरचे पाच गुणांक असे येतात: बी० = ०.९९८१६२, बी१ = -१.९९२१९५, बी२ = ०.९९४४६९, ए१ = -१.९९२१९५, ए२ = ०.९९२६३२. बी० ते बी२ची बेरीज करून बघा, जेमतेम ०.०००४४ उरते. १ + ए१ + ए२ हीसुद्धा तेवढीच. खालच्या फ्रिक्वेन्सीचं सगळं काम या उरलेल्या चिमूटभर आकड्यावर चालतं. म्हणून गुणांक चार दशांशांत लिहिले की बासची पातळीच बिघडते. चिपमधल्या आकड्यांचं स्वरूप ५.२३ (दशांशचिन्हाआधी ५ बिट, नंतर २३), पायरी साधारण ०.००००००१२, १६० हर्ट्झला ती भरपूर आहे. अगदी खालच्या बँडांना डबल प्रिसिजनचा ब्लॉक वापरलेला बरा.

गुणांक बाहेरून भरताना चिन्हाची चूक फार होते. सिग्मास्टुडिओला ए१ आणि ए२ उलट्या चिन्हाने लागतात. रूम ईक्यू विझार्ड या हॉल मोजायच्या सॉफ्टवेअरमधून मिनीडीएसपी बोर्डांच्या स्वरूपात फाइल काढली असेल, तर चिन्हं आधीच उलटलेली असतात. परत उलटवली की फिल्टर अस्थिर होऊन स्पीकरवर जोरदार दणका बसतो. पहिली चाचणी स्पीकर काढूनच करा. मायक्रोकंट्रोलरवरून बँड बदलणार असाल तर सेफलोड रजिस्टर वापरा. ती पाचच आहेत, कारण एका फिल्टरचे पाच गुणांक एकाच सॅम्पलमध्ये एकत्र बदलावे लागतात. एकेक लिहीत गेलात तर मधल्या क्षणी भलताच फिल्टर तयार होतो.

१६ किलोहर्ट्झचा पॅरामेट्रिक बँड ४८ किलोहर्ट्झवर लंगडा पडतो. २४ किलोहर्ट्झला त्याचा गेन शून्य डीबीवर यावाच लागतो, म्हणून उजवी बाजू आखडते. तिथे हाय शेल्फ (एका फ्रिक्वेन्सीच्या वरचं सगळं उचलणारा किंवा दाबणारा फिल्टर) लावा.

सोलापुरातल्या हॉलसाठी क्यूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सकाळी १६ अंश असताना हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४१ मीटर असतो. मे महिन्यात ४२ अंशांना ३५६. फरक जवळपास साडेचार टक्के. म्हणजे थंडीत १६० हर्ट्झला घुमणारा हॉल उन्हाळ्यात १६७ला घुमतो. क्यू ३० ठेवून बारीक खाच मारली असेल तर तिची रुंदी जेमतेम ५ हर्ट्झ, आणि लग्नसराईत घुमणं तिच्या शेजारून निसटतं. मग ऑपरेटर म्हणतो, बोर्ड खराब झाला. क्यू ४ला रुंदी ४० हर्ट्झ असते, ती बाराही महिने पुरते. शहाबादी फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये चादरी टांगून वरचा कलकलाट कमी होतो, तेवढं जरूर करा. पण १६० हर्ट्झची पाव तरंगलांबी अर्धा मीटरहून मोठी आहे. चादर भिंतीला टेकलेली असली तर तिथे काहीच फरक पडत नाही.

बूस्ट मात्र जपून. आत २४ डीबी हेडरूम (वरची मोकळी जागा) आहे, पण आउटपुटला जास्तीचं कापून टाकणारा क्लिपर बसलेला आहे. सगळ्यात मोठा बूस्ट ६ डीबी असेल तर साखळीच्या सुरुवातीलाच ६ डीबी कमी करा. या बोर्डावर लांब एफआयआर फिल्टरची हौस करू नये: १० हर्ट्झइतका बारीक फरक हाताळायचा तर साधारण ४,८०० टॅप (प्रत्येक सॅम्पलला तेवढे गुणाकार) लागतात, ते १,०२४ इन्स्ट्रक्शनमध्ये मावत नाहीत. मावले असते तरी ५० मिलिसेकंदांचा उशीर गायकाला चालला नसता.

शेवटी प्रोग्रॅम बोर्डावरच्या ईईप्रॉम मेमरीमध्ये लिहा, सेल्फबूट जम्पर (वीज येताच प्रोग्रॅम तिथून उचलायला लावणारा) हायला लावा आणि वीज बंद करून पुन्हा चालू करा. बोर्ड मुका राहिला तर आधी तो जम्पर बघा, मग ईईप्रॉममध्ये लिहिणं अडवणारं राइट प्रोटेक्ट. चिप ७० अंशांपर्यंतचीच आहे. उन्हात उभ्या टेम्पोतल्या बंद रॅकमध्ये ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर बोर्ड बसवू नका, खालच्या खणात पंख्यासमोर बसवा.