नुसता मलेरिया आणि मलेरियासोबत जंत: प्रतिकारशक्ती कुठे वळते?

नुसत्या फॅल्सिपेरम मलेरियात (मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार) टीएच-१ पेशी, म्हणजे पेशींच्या आत शिरलेल्या जंतूंविरुद्धच्या मदतनीस टी-पेशी, पुढे येतात. इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ हे दाह वाढवणारे संदेश-रेणू वाढून परजीवी मरतात. पण हा जोर आवरला नाही तर आजार गंभीर होतो.

पोटात आधीच जंत असतील तर जंतांविरुद्धचा टीएच-२ प्रतिसाद जागा असतो: इंटरल्यूकिन-४, ५, १३ हे संदेश-रेणू, आयजीई ही प्रतिपिंडं आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. संसर्ग जुना असेल तर नियामक टी-पेशी आणि इंटरल्यूकिन-१० दाह दाबतात. थायलंडमधल्या अभ्यासांत याच्या दोन्ही बाजू दिसल्या: गोल जंत असलेल्यांत मेंदूचा मलेरिया कमी, पण जंतबाधितांना फॅल्सिपेरम होण्याचं प्रमाण जास्त. इतर ठिकाणचे निष्कर्ष याच्याशी नेहमी जुळत नाहीत. जंताची जात आणि संख्या यांवर बरंच ठरतं.

म्हणून संरक्षणाच्या आशेने जंत पोटात ठेवणं आम्हाला साफ चुकीचं वाटतं. रक्तक्षय तर दुहेरी होतो: मलेरिया तांबड्या पेशी फोडतो आणि अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल जातीचा एकच हुकवर्म (आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत) रोज सुमारे ०.१५ ते ०.२ मिलि रक्त घालवतो.

हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्ताबरोबर शौचही तपासावं. काटो-कात्झची (शौचातली जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत) काच तयार केल्यापासून अर्ध्या ते एका तासात पाहावी. उशीर झाला की त्यात वापरलेल्या ग्लिसरीनमुळे हुकवर्मची अंडी दिसेनाशी होतात आणि तपासणी चुकून ‘जंत नाहीत’ सांगते. उपचार आधी मलेरियाचा, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांवरचं औषध अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. १ ते २ वर्षांच्या मुलांना २०० मिग्रॅ.