हसवायचं की वाद ओढवून घ्यायचा? नाशिकच्या दुकानदारासाठी जाहिरातीचा हिशोब

मिसळीचं हॉटेल असो, कॉलेज रोडवरचं कपड्यांचं दुकान असो की चिवड्याचा छोटा ब्रँड, एजन्सीवाला हमखास दोन कल्पना घेऊन येतो. एक विनोदी, दुसरी ‘थोडी काँट्रोव्हर्सी होईल अशी’. दुसरीसोबत एक वाक्य फुकट मिळतं: बदनामी झाली तरी नाव होतंच की!

वेगात वाद जिंकतो, यात दुमत नाही. सकाळी पोस्ट टाकली की संध्याकाळपर्यंत सिडको ते सातपूर सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर. विनोदाला वेळ लागतो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलेला माणूस आज नुसता हसतो, नाव त्याच्या डोक्यात बसायला तो फलक त्याला पुन्हा पुन्हा दिसावा लागतो.

पण नाव नेमकं कुणाचं होतं? १९९५ मध्ये टफ नावाच्या बुटांची जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे, अंगावर कपडे नाहीत, फक्त बूट आणि एक अजगर. मुंबईत खटला उभा राहिला आणि निर्दोष सुटका व्हायला २००९ उजाडलं. आज अजगर सगळ्यांना आठवतो, मिलिंद सोमण तर आठवतोच. बुटाची कंपनी कोणती, हे चार जणांना विचारून बघा.

त्याच्या शेजारी फेव्हिकॉलची बस ठेवा. टपावर, दारात, मागे, जागा मिळेल तिथे माणसं लटकलेली. बस खड्ड्यांतून हेलकावे खात जाते आणि एकही पडत नाही. मागे फेव्हिकॉलची पाटी. संवाद नाही की हिरो नाही. हसू ज्यावर येतं तोच मालाचा गुण आहे, त्यामुळे विनोद आठवला की नाव आपोआप येतं. एजन्सीची विनोदी कल्पना तपासायची माझी पद्धत यावरूनच: तुमच्या मिसळीच्या जागी मोबाईलचं कव्हर ठेवा. विनोद तसाच चालत असेल तर पैसे देऊ नका.

दुसरा मुद्दा लगामाचा. वाद सुरू करणं तुमच्या हातात असतं, थांबवणं नसतं. २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर लोक चिडले, तेव्हा काहींनी थेट मायक्रोसॉफ्टच्या एक्सेल अ‍ॅपला एक-एक स्टार दिला! रागावलेली गर्दी पत्ता वाचत नाही. मायक्रोसॉफ्टला त्याने ओरखडाही आला नसेल. पण गंगापूर रोडच्या हॉटेलाचं गिऱ्हाईक गुगल मॅपवरचे स्टार बघूनच वळतं. ऑक्टोबर २०२० मध्ये टाटांच्या तनिष्कने आंतरधर्मीय घरातल्या डोहाळजेवणाची जाहिरात वाद पेटल्यावर मागे घेतली, तेव्हा कंपनीने दिलेल्या कारणांत दुकानांतल्या कर्मचाऱ्यांची काळजीही होती. मला ती जाहिरात आवडली होती. पण टाटांना ती मागे घेणं परवडलं; तुमच्या गल्ल्यावर बहुतेक तुम्हीच बसता.

आता विनोदाची खोट. २०२३ मध्ये झोमॅटोने ‘लगान’मधल्या कचरा या पात्राच्या अभिनेत्याला पुनर्वापराच्या वस्तूंच्या रूपात दाखवलं: दिवा, टेबल, कुंडी. उद्देश पर्यावरणाचा होता, पण सिनेमातलं ते पात्र दलित. जातीच्या अपमानाचा आरोप झाला आणि जाहिरात उतरली. थट्टा मालाची करा, फार तर स्वतःची; माणसाची नको. १९६६ पासून चालत आलेल्या अमूलच्या मुलीलाही ‘गणपती बाप्पा मोर घ्या’ (मोर म्हणजे इंग्रजी ‘more’, आणखी) या कोटीवरून ऑफिस फोडण्याची धमकी आली होती, असं ती मोहीम घडवणारे सिल्व्हेस्टर दाकुन्हा सांगत. म्हणून सिंहस्थाच्या काळात पंचवटी-रामकुंडाच्या आसपास साधू, स्नान, प्रसाद यांवर कोटी करायचा मोह आवराच.

नियमही हसणाऱ्याला थोडी सूट देतात. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्याच संस्थेच्या संहितेत उघड-उघड गमतीची अतिशयोक्ती चालते. ‘आमच्या तर्रीने गोदावरीला पूर आला’ हे खपेल. ‘नाशिकची नंबर एक मिसळ’ याला मात्र पुरावा लागेल, आणि दिशाभूल ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्याच वेळी दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. धार्मिक भावनांच्या तक्रारीला तर पोलीस ठाण्याचीच पायरी.

त्यामुळे एका गावात, एका पाटीवर धंदा असलेल्याने विनोद घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. वादाची खुमखुमी असेलच तर पदार्थाचा वाद लावा: मिसळीत दही हवं की नको, काळा मसाला की लाल रस्सा, कोल्हापूर की नाशिक. यात दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने भांडतात आणि जेवायला तुमच्याकडेच येतात. जात, धर्म, सासू-सून, बायकांचे कपडे यांवरच्या भांडणात निम्मं गिऱ्हाईक कायमचं जातं.

एजन्सीशी करार करताना एक कलम आधीच लिहून घ्या: जाहिरात उतरवावी लागली तर छपाई आणि होर्डिंगच्या उरलेल्या भाड्याचा भार कुणी उचलायचा. ‘थोडी काँट्रोव्हर्सी’वाली कल्पना त्या कलमापाशी बऱ्याचदा आपोआप मागे पडते.