स्मार्ट फोरटू की सित्रोएन अमी? दोन सीटवाली गाडी घेण्याआधी हे बघा

जर्मनीत स्टुटगार्ट-बोब्लिंगेनकडे नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा ठरलेला प्रश्न, दोघंच आहोत, पार्किंगची बोंब आहे, तर ती छोटी दोन सीटवाली घेऊ का? घ्या की. पण स्मार्ट आणि अमी (ओपेल रॉक्स म्हणून मिळते ती पण तीच) शेजारी उभ्या केल्या तर बहिणी वाटतात आणि तिथेच लोक फसतात, कारण स्मार्ट कागदावर कार आहे आणि अमी कारच नाही. ती हलकी क्वाड्रिसायकल, म्हणजे छप्पर लावलेली चारचाकी मोपेड म्हणा.

लांबीत फरक फार नाही, स्मार्ट २.७ मीटर, अमी २.४१. स्मार्टचं २०१४ नंतरचं मॉडेल ७ मीटरच्या आत वळतं, आपल्या पेठेतल्या गल्लीतसुद्धा यू-टर्न बसेल. इंजिन मागे, डिकीच्या खाली, त्यामुळे डिकीचा तळ गरम होतो, इंडियन स्टोअरमधनं श्रीखंड आणलं तर मांडीवर घेऊन बसा. अमीला डिकीच नाही, पिशवी पॅसेंजरच्या पायाशी. एसी नाही, काचा खाली सरकत नाहीत, अर्धी काच वर दुमडायची. बॅटरी ५.५ किलोवॅट-तास, रेंज जेमतेम ७५ किमी, पण घरच्या साध्या सॉकेटवर ३ तासात फुल. रोड टॅक्स नाही, नेहमीची नंबर प्लेट नाही, दर १ मार्चला नवीन इन्शुरन्सची छोटी पाटी लावली की झालं. खर्चात अमी जिंकते, वादच नाही.

आता सेफ्टी, आणि इथे मी जरा जास्त बोलणार. स्मार्टला तो ट्रायडिऑन नावाचा स्टीलचा पिंजरा आहे, एअरबॅग आहेत, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आहे, २०१४ च्या मॉडेलला युरो एनकॅपचे, म्हणजे युरोपातल्या क्रॅश टेस्टचे, ४ स्टार मिळालेत. म्हणून ती रणगाडा आहे असं मात्र समजू नका. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने आधीच्या पिढीची स्मार्ट आणि मर्सिडीज सी-क्लास समोरासमोर धडकवल्या, दोन्ही ताशी ६४ किमीने, तर स्मार्ट हवेत उडून गरगर फिरली आणि रेटिंग आलं ‘पुअर’. तीच गाडी नेहमीच्या बॅरिअर टेस्टला (उभ्या अडथळ्यावर धडकवतात ती) ‘गुड’ होती! कारण बॅरिअरची धडक म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी धडक, आणि रस्त्यावर समोरून कोण येणार ते आपण ठरवत नाही.

आणि अमी? एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, कायद्याने ते लागतच नाही, कारसारखी क्रॅश टेस्टही सक्तीची नाही. युरो एनकॅपने २०१६ मध्ये चार क्वाड्रिसायकल तपासल्या होत्या, त्यात आपल्या पुण्याच्या बजाजची क्यूटपण होती, १ स्टार. अमी त्यात नव्हती, पण हा वर्गच कसा आहे त्याचा अंदाज येतो.

त्यात अमीचा टॉप स्पीड ताशी ४५ किमी. ऑटोबानवर (इथला एक्सप्रेसवे) ६० च्या वर जाऊ शकणाऱ्या गाड्यांनाच परवानगी, त्यामुळे तो विषयच संपला, पण मला खरी भीती गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांची वाटते, जिथे मागून ट्रक आणि कार ८०-१०० ने येतात आणि तुम्ही ४५ वर. नेण्यावर बंदी नाही, पण मी नाही नेणार.

म्हणून माझं मत, ऑफिसच्या वाटेत असा एकजरी रस्ता असेल तर स्मार्टच, तीही २०१४ नंतरची. मार्च २०२४ ला उत्पादन बंद झालं, म्हणजे आता मिळेल ती बहुतेक सेकंडहँडच, टीयूव्ही (गाडीची सक्तीची तपासणी) किती महिने बाकी आहे ते बघूनच भाव करा. इलेक्ट्रिकवाली मिळाली तर बॅटरी १७.६ किलोवॅट-तासच आहे, थंडीत रेंज अजून कमी होते, रोजचं अंतर मोजून घ्या.

अमी कोणी घ्यावी? घरात १५ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी स्कूटरचा हट्ट धरून बसली असेल तर. इथे एएम, म्हणजे मोपेडवर्गाचं लायसन्स १५ व्या वर्षी मिळतं, आणि स्कूटरच्या तुलनेत सीटबेल्ट आणि डोक्यावर छप्पर म्हणजे खूपच बरं. अमीची तुलना खरं तर स्कूटरशीच करायला हवी, कारशी केली की ती बिचारी हरणारच.

हो, आणि भारतातलं लायसन्स इथे ६ महिनेच चालतं, नंतर थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. अमी छोटी आहे म्हणून त्यातून सुटका नाही, एएमलाही परीक्षा आहेच, मग द्यायचीच तर सरळ कारची द्या, एएम त्यातच येतं.