खिडकी नसलेली खोली आणि रोज रात्री वाढणारं बिल

क्रूझच्या पहिल्याच रात्री तीन वाजता मला जाग आली, तर आई दिवा लावून केस विंचरत बसलेली. "अगं, उजाडलं असेल ना?" इनसाइड केबिनमध्ये हे कळायला मार्गच नसतो. खिडकी नाही, फट नाही, दिवा मालवला की डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. मग टीव्हीवर एक चॅनल सापडला. त्यावर जहाजाच्या नाकासमोरचा समुद्र चोवीस तास दिसतो. आवाज बंद करून तोच लावून ठेवला. पडदा काळा म्हणजे रात्र, राखाडी झाला की उठायचं.

चार रात्रींची क्रूझ, आम्ही दोघी, सगळ्यात स्वस्त खोली. पुन्हा गेले तरी बिनखिडकीचीच घेईन. जेवणाचा हॉल, रात्रीचे कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, डेकवरची खुर्ची, यातलं काहीच बाल्कनीवाल्यांना जास्तीचं मिळत नाही. खोलीत आम्ही फक्त झोपायला आणि अंघोळीला.

चूक केली ती वेगळीच. आणखी थोडे वाचतात म्हणून 'गॅरंटी' प्रकारातलं बुकिंग घेतलं, म्हणजे खोली कुठली ते कंपनी ठरवणार. आमच्या नशिबी अगदी पुढचं टोक आलं. जहाज लाटांवर सी-सॉसारखं वरखाली होतं. मधला भाग त्यातल्या त्यात स्थिर, हेलकावे सगळे टोकांना. दुसऱ्या रात्री कपाटातले हँगर एकमेकांवर आपटून टकटक करत होते. आई निवांत घोरत होती, मी बाथरूमच्या दाराला धरून उभी. ज्यांना गाडी लागते त्यांनी थोडे जास्त मोजून खालच्या डेकवरची, जहाजाच्या मधोमधची खोली स्वतः निवडावी. बचत दुसरीकडे करता येते.

कुठे, तर त्या कार्डावर. चढताना एक प्लास्टिकचं कार्ड मिळतं, त्यानंच खोली उघडते आणि त्यावरच सगळा खर्च चढतो. टेकवलं की झालं. पैसे गेल्यासारखं वाटतच नाही. तिकिटाचा आकडा मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. त्यात सर्व्हिस चार्ज धरलेला नव्हता. तो माणशी, रोजचा लागतो, आणि तिकीट स्वस्त म्हणून तो स्वस्त होत नाही. बुकिंग करताना तेवढं एक विचारून घ्या, बाकीचं हातात असतं.

रोज रात्री टीव्हीवर बिल बघायची सवय आईची. त्यामुळेच दुसऱ्या दिवशी आम्ही न घेतलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या सापडल्या. काउंटरवरच्या मुलीनं वाद न घालता त्या काढून टाकल्या, पण रांगेत चाळीस मिनिटं गेली. शेवटच्या रात्री तीच रांग जिन्यापर्यंत पोचली होती, तेव्हा आईनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

ड्रिंक्स पॅकेज घेतलं नाही. खोलीतल्या एकानं घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावंच लागेल, असा नियम होता, आणि आई चहा-पाण्यापलीकडे जात नाही. चहा आणि पाणी बुफेत फुकट. वायफाय मात्र घेतलं, आणि तो या प्रवासातला सगळ्यात वाया गेलेला खर्च. फोटो जात नाहीत, कॉल तुटतात. फोन चढतानाच एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो आपणहून जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी गेल्यावर येतं.

जेवण बरं. बुफेपेक्षा वाढतात त्या हॉलमध्ये जा, तेही तिकिटातच आहे.

सुटण्याआधीची सुरक्षेची कवायत लोकांना कटकट वाटते. आमच्या शेजारचे काका तर "आम्ही कुठे बुडतोय" म्हणून हसत होते. कोस्टा कॉन्कॉर्डिया हे इटालियन क्रूझ जहाज 2012 मध्ये खडकावर आपटलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या कित्येकांची कवायत व्हायचीच होती. 32 जणांचा जीव गेला. त्याआधी चढल्यापासून 24 तासांत घेतली तरी चालायची, आता जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावी लागते. धोक्याचा भोंगा सात वेळा छोटा आणि एकदा लांब. आई दिवसभर बोटं मोजत "सात छोटे, एक लांब" पुटपुटत होती.

बंदरावर कंपनीची सहल न घेता दोघीच पायी फिरलो. निम्म्याहून जास्त खर्च वाचला, पण एक जोखीम असते: कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, आपल्याला झाला तर निघून जातं. त्यात फोन बंदरावरच्या घड्याळाप्रमाणे आपोआप बदलतो, जहाज स्वतःच्याच वेळेवर चालतं. आईनं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलं आणि फोनकडे बघायला मला बंदीच केली. दीड तास आधी परत. मी कुरकुरले, मग कठड्यावरून धक्क्यावर जिवाच्या आकांतानं पळणारं एक जोडपं दिसलं आणि गप्प बसले. पोचले बिचारे, शिडी काढायच्या बेतात असताना.

किरकोळ दोन गोष्टी. एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, आमचा स्कॅनिंगलाच काढून घेतला आणि उतरताना परत दिला. लोहचुंबकाचे हूक मात्र न्या, भिंती पोलादी असतात, ओले कपडे टांगता येतात.

सगळं धरून वरखर्च तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आला. वायफाय नसतं घेतलं तर चौथा. पाचपैकी चार तारे. एक कापला तो त्या रांगेसाठी.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. आईनं नीटनेटकेपणानं सगळं भरलं, चपलांसकट. सकाळी माझ्या तलावावरच्या रबरी स्लिपर घालून, दोन नंबर मोठ्या, फटफट वाजवत ती जहाजावरून उतरली.