रोमच्या इतिहासाचं गाईड: मजकूर झकास, छपाई बेकार

पोरीच्या परीक्षेसाठी तालुक्याच्या बसस्टँडवरून 150 रुपयाले घेतलं, पण वाचून मीच काढलं बापा. पॅट्रिशियन म्हणजे बडी घराणी अन् प्लेबियन म्हणजे बाकीचे सारे नागरिक, हे लय मस्त समजावलं हाये. इ.स.पू. 494 मधी कर्जानं पिचलेले प्लेबियन शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तवा कुठं त्यायले आपले ट्रिब्यून, म्हणजे त्यायची बाजू घेणारे अधिकारी, भेटले! आमच्या गावात कर्जापायी कोणी असं उठून गेलं तर सोसायटीवाला नोटीस तिथंच आणून देईन. कॉन्सल, म्हणजे रोमचे सगळ्यात बडे कारभारी, दोन, तेबी एकाच वर्षापुरते, हे ऐकून आमचे सरपंच गपच बसले. छपाई मात्र बेकार, सिनेटचं (बड्या लोकायच्या सभेचं) पान दोनदा अन् पयला सम्राट ऑगस्टसचं गायबच, बाइंडिंग तर संत्र्याच्या सालीवानी सुटते. तीन स्टार.