जँगोमध्ये बॅकग्राउंड जॉब: सेलरी, आरक्यू की पोस्टग्रेसमधलीच रांग?

सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारं जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कवरचं एक अ‍ॅप डोळ्यांसमोर ठेवू. सेक्रेटरी 1 तारखेला ‘बिलं पाठवा’चं बटण दाबतात. 120 फ्लॅट, प्रत्येकाची पीडीएफ, प्रत्येकाला ईमेल. हे सगळं एकाच रिक्वेस्टमध्ये केलं, तर अ‍ॅप चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरची 30 सेकंदांची डीफॉल्ट मुदत संपते, रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस मारली जाते आणि स्क्रीनवर एरर येते. सेक्रेटरी अर्थातच पुन्हा बटण दाबतात. पहिल्या साठ फ्लॅटना दोन-दोन बिलं, उरलेल्यांना एकही नाही.

मुदत वाढवून हे सुटत नाही. व्ह्यूमधून एक थ्रेड सोडून देऊनही नाही, कारण डिप्लॉय झालं (नवा कोड चढला) की थ्रेड गेला, आणि तो कुठपर्यंत पोचला होता याची नोंद कुठेच नसते. काम कुठेतरी लिहून ठेवायचं आणि दुसऱ्या प्रोसेसने ते उचलायचं, हाच मार्ग. कुठे लिहायचं, यावर बाकीचं बरंच ठरतं.

‘जँगोमध्ये आता हे आयतं आलंय ना?’ असं हल्ली ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. डिसेंबर 2025 च्या जँगो 6.0 मध्ये टास्क लिहिण्याची आणि रांगेत टाकण्याची अधिकृत पद्धत आली, पण रांगेतलं काम उचलून करणारी प्रोसेस, म्हणजे वर्कर, आला नाही. सोबतचे दोन बॅकएंड डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगपुरते आहेत: एक काम तिथल्या तिथे करून टाकतो, दुसरा करतच नाही, नुसतं साठवतो. प्रॉडक्शनसाठी निवड तुम्हालाच करायची आहे.

सेलरी

2009 पासूनचा, पायथॉनच्या जगातला सगळ्यात मुरलेला पर्याय. कामांची रांग सांभाळणारा ब्रोकर म्हणून बहुधा रॅबिटएमक्यू किंवा रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा स्टोअर) लागतो. कामांची साखळी लावणं, शंभर कामं समांतर सोडून सगळी संपल्यावर एक शेवटचं काम करणं, कामाच्या प्रकारानुसार वेगळ्या रांगा, बीट या शेड्यूलरने ठरावीक वेळी कामं, फ्लॉवर या वेबपानावर देखरेख हे सगळं आहे. नोकरीच्या जाहिरातींत नाव दिसतं, अडलं तर उत्तर सापडतं.

त्रास होतो तो डीफॉल्ट सेटिंगमुळे. सेलरीचा वर्कर काम सुरू करण्याआधीच ब्रोकरला पोच (‘काम मिळालं’ची पावती) देतो. मधेच प्रोसेस मेली तर ब्रोकरच्या लेखी काम झालेलं असतं, म्हणजे ते हरवलं. ‘अ‍ॅक्स लेट’ चालू केलं की पोच काम संपल्यावर जाते. पण मेमरी संपून चाइल्ड प्रोसेस मारली गेली, तर एवढ्याने भागत नाही. त्यासाठी ‘रिजेक्ट ऑन वर्कर लॉस्ट’ ही आणखी एक सेटिंग लागते.

ब्रोकर रेडिस असेल तर व्हिजिबिलिटी टाइमआउट एक तासाचा. ‘थकबाकीची आठवण तीन दिवसांनी पाठव’ असं काम ईटीए (कधी चालवायचं ती वेळ) लावून टाकलं, की वर्कर ते हातात धरून बसतो, तासाभरात पोच न आल्याने रेडिस ते दुसऱ्याला देतो, आणि तेच काम अनेकदा चालू शकतं. अशा लांबच्या तारखा आपल्या टेबलात ठेवाव्यात आणि बीटने रोज सकाळी तपासाव्यात. डॉक्युमेंटेशनमध्ये हे सगळं आहे, पण ते वाचायची वेळ बहुधा काहीतरी फुटल्यावरच येते.

आरक्यू

रेडिस आहे आणि काम साधं आहे, तर रेडिसवरच चालणारी ही छोटी लायब्ररी दुपारभरात बसते. वर्कर प्रत्येक कामासाठी नवी प्रोसेस फोर्क करतो (स्वतःची प्रत काढतो). वेग कमी मिळतो, पण पीडीएफ बनवताना फुगलेली मेमरी काम संपताच परत मिळते. बिलांच्या अ‍ॅपला हा गुण चांगलाच उपयोगी. कामाची डीफॉल्ट मुदत 180 सेकंद आहे, मोठ्या रिपोर्टसाठी ती वाढवायला विसरू नका. नेहमीचा वर्कर फोर्कवर चालत असल्याने विंडोजवाल्यांना डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये चालणारं लिनक्स) लागेल, सेलरीनेही 4.0 पासून विंडोजचा अधिकृत पाठिंबा काढून घेतला आहे.

रेडिसबद्दलची एक गोष्ट सेलरी आणि आरक्यू दोघांनाही लागू. कॅश आणि रांग एकाच रेडिसवर ठेवून मेमरी भरल्यावर जुन्या की काढून टाकण्याचं धोरण लावलं असेल, तर कॅशबरोबर रांगही उडू शकते. डेटाबेस नंबर वेगळा दिल्याने वाचत नाही, कारण मेमरीची मर्यादा सबंध इन्स्टन्सची असते. शिवाय मुळात रेडिस फक्त अधूनमधून स्नॅपशॉट घेतं. रांग जपायची तर एओएफ (प्रत्येक बदलाची फाइलमध्ये नोंद) चालू करा. दर सेकंदाला डिस्कवर लिहिण्याची सेटिंग बहुतेकांना पुरते.

पोस्टग्रेस

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 9.5 आवृत्तीत, 2016 साली, ‘स्किप लॉक्ड’ आलं. एका वर्करने लॉक केलेली ओळ दुसरा वर्कर न थांबता ओलांडतो आणि पुढची उचलतो. ‘डेटाबेसला रांग म्हणून वापरू नका’ या जुन्या सल्ल्याचा बराचसा आधार तिथेच गेला. पायथॉनमध्ये प्रोक्रॅस्टिनेट ही लायब्ररी यावरच उभी आहे. नवं काम आल्याची खबर ती ‘लिसन’ आणि ‘नोटिफाय’ने देते, ठरावीक वेळची कामं आणि रीट्राय तिच्यात आहेतच.

माझं मत या बाजूने झुकतं, ते ट्रान्झॅक्शनमुळे, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के (कमिट) किंवा एकत्र रद्द (रोलबॅक) होण्याच्या सोयीमुळे. बिलाची ओळ सेव्ह केली आणि लगेच रेडिसमध्ये काम टाकलं, तर कमिट होण्याआधीच वर्कर ते उचलतो आणि ‘असं बिल नाही’ म्हणून आपटतो. ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तर त्याहून वाईट: बिल नाही, ईमेल मात्र जायला निघालेलं. यावर जँगोचं ‘ऑन कमिट’ (कमिट झाल्यावरच काम टाकणं) आहे, सेलरीने 5.4 पासून त्यासाठी सोपी मेथडही दिली आहे. तरी कमिट झालं आणि रेडिसपर्यंत पोचण्याआधी प्रोसेस मेली, ही फट उरतेच. रांग त्याच डेटाबेसमध्ये असेल तर बिल आणि काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलं जातं; दोन्ही राहतात किंवा दोन्ही जातात. बॅकअपही एकच, आणि कोणतं काम अडकलंय हे पाहायला साधी एसक्यूएल क्वेरी.

उणिवा आहेत. सेकंदाला हजारो कामं येणार असतील तर टेबलात मृत ओळी साचतात, त्या साफ करणाऱ्या व्हॅक्यूमवर लक्ष ठेवावं लागतं, आणि एखादं लांबलेलं ट्रान्झॅक्शन सगळ्याची गती मारतं. डेटाबेसच्या जोडण्या वाटून देणारा पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर ‘लिसन’ चालत नाही. वर्करला थेट जोडणी द्या. झालेली कामं पुसण्याची सोय पहिल्याच दिवशी करा.

मग कोणता?

डेटाबेस पोस्टग्रेस असेल आणि कामं ईमेल, पीडीएफ, एक्सेल, पेमेंटचे वेबहुक अशी असतील, तर रांग पोस्टग्रेसमध्येच ठेवा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल, रेडिस आधीपासून चालू असेल आणि एखाद-दुसरं काम हरवलं तर चालणार असेल, तर आरक्यू. कामांच्या साखळ्या खरोखर हव्या असतील, भार मोठा असेल आणि ब्रोकर सांभाळायला माणूस असेल, तर सेलरी, तेही रॅबिटएमक्यूवर. ‘पुढे लागेल’ म्हणून आज सेलरी घेऊ नका; टास्क छोट्या फंक्शनमध्ये लिहिलेले असले, तर नंतर बदलणं जड जात नाही.

पर्याय कोणताही घ्या, रीट्राय आणि उशिराची पोच आली की तेच काम दोनदा चालू शकतं. म्हणून टास्कला अख्खं ऑब्जेक्ट न देता बिलाचा आयडी द्या, आणि आत पहिल्यांदा ‘ईमेल पाठवलं का’ हे तपासा. शिवाय डॉकर कंटेनर थांबवताना साधारणपणे 10 सेकंद वाट पाहून प्रोसेस मारतो. लांब कामांच्या वर्करसाठी ती मुदत वाढवा, किंवा 120 बिलांचं एक काम करण्याऐवजी 120 कामं करा. दुसरं केव्हाही बरं.

शेअर्ड होस्टिंगवर असाल, जिथे कायम चालणारी प्रोसेस ठेवताच येत नाही, तर वरचं काहीच बसणार नाही. तिथे ‘पाठवायची बिलं’ असं एक टेबल करा आणि क्रॉनने (ठरावीक वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) दर पाच मिनिटांनी एक मॅनेजमेंट कमांड चालवा, एका वेळी वीस ओळींची. आधीची फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊ नये म्हणून क्रॉनच्या ओळीत ‘एफलॉक’ घाला. बिल पाच मिनिटं उशिरा पोचलं म्हणून कोणी सोसायटीची मीटिंग बोलावत नाही.